वालाची बेगमी

कोकणात भाताची कापणी झाली की जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल पेरण्याची रीत जुनी आहे. रायगड जिल्ह्यातील कडवा वाल असाच पोसतो. परसातही त्याच्या चार ओळी सहज होतात.

खरा प्रश्न साठवणीचा आहे. पावसाळ्यात भाजी दुर्मीळ होते तेव्हा डाळिंब्यांची उसळ हाच घराचा आधार; आणि नेमक्या त्याच दिवसांत डब्यातला वाल भुंगेऱ्याने पोकळ केलेला आढळतो. हा किडा पुष्कळदा शेतातूनच येतो. मादी शेंगेवर वा दाण्यावर अंडी घालते, अळी दाण्यात शिरते आणि वाटोळे भोक दिसते तेव्हा त्या दाण्यापुरता उपाय उरलेला नसतो.

म्हणून शेंगा कडकडीत वाळवून झोडाव्यात व दाण्यांना पुन्हा ऊन द्यावे. दाताखाली दाणा न दबता कट्कन फुटला, म्हणजे तो साठवणीजोगा सुकला असे समजावे. गार झाल्यावरच डबा भरावा, अन्यथा आत वाफ धरते. किलोमागे ५ मिलिलिटर खाद्यतेल चोळल्यास बहुतेक अंडी फुटत नाहीत. चाळलेल्या राखेत वाल ठेवणाऱ्या आजीबाईंचे गणितही चुकीचे नव्हते. बियाण्याचा वाल मात्र वेगळा, घट्ट झाकणाच्या भांड्यात ठेवावा.