तीस मिलिमीटरचा हिशेब

टोयोटा हायलक्स किंवा इसुझू व्ही-क्रॉससारखी पिकअप दारात उभी राहिली की बहुतेक मालकांच्या मनात चाकांचे वेध सुरू होतात. भल्याथोरल्या कमानीत कंपनीचे टायर बारीक वाटतात. मग टायरच्या दुकानात पहिला प्रश्न विचारला जातो, ‘मोठ्यात मोठा कोणता बसेल?’ माझ्या मते हा दुसरा प्रश्न आहे. चाक हबवर बसल्यावर किती आत आणि किती बाहेर राहणार, हे आधी ठरायला हवे. त्यालाच ऑफसेट म्हणतात. बहुतेक अलॉयवर तो ‘ईटी’ या अक्षरांपुढे मिलिमीटरमध्ये कोरलेला सापडतो.

हायलक्सचे १७ इंची चाक साडेसात इंच रुंद, ऑफसेट +३०. रिमच्या रुंदीच्या मध्यावरून एक उभी रेघ कल्पा. चाकाची हबला टेकणारी बाजू त्या रेघेच्या ३० मिलिमीटर बाहेर आहे. म्हणजे चाकाचा जास्त भाग गाडीच्या पोटात जातो. आकडा जितका कमी, तितके चाक बाहेर. शून्याच्या खाली गेला की ती खोल डिश दिसू लागते, जिच्यासाठी लोक हौसेने पैसे मोजतात.

आता बाजारात सहज मिळणारे ९ इंच रुंद, शून्य ऑफसेटचे चाक घ्या. रिमची बाहेरची कड मूळ जागेपासून तब्बल ४९ मिलिमीटर बाहेर येते आणि आतल्या बाजूला ११ मिलिमीटर जागा मोकळी होते. त्याऐवजी ८ इंच रुंद, +२० ऑफसेटचे चाक घेतले तर कड फक्त १६ मिलिमीटर बाहेर येते. दुकानात भिंतीवर टांगलेली ही दोन चाके सारखीच देखणी दिसतात. फरक रस्त्यावर कळतो.

तो असा. गाडीचे वजन हबच्या बेअरिंगवर कुठे पडावे, हे कंपनीने ठरवलेले असते. चाक बाहेर सरकले की तेच वजन लांबच्या टोकाला लोंबकळते आणि बेअरिंगवर पीळ येतो. पुढच्या चाकांचे दुखणे आणखी वेगळे. स्टिअरिंग फिरवताना चाक ज्या तिरप्या आसाभोवती वळते, तो आस खाली वाढवला तर जमिनीला एका बिंदूत भेटतो. त्या बिंदूपासून टायरच्या मध्यापर्यंतचे अंतर वाढले की प्रत्येक खड्डा थेट हातात येतो. एक चाक चिखलात आणि दुसरे डांबरावर असताना ब्रेक दाबला, तर गाडी एका बाजूला ओढते. आपल्या घाटरस्त्यांच्या कडा पाहता ही ओढ क्षुल्लक मानता येत नाही. शिवाय मडगार्डच्या बाहेर आलेला टायर चिखल आणि खडी शेजारच्या दुचाकीस्वाराच्या तोंडावर फेकतो. निव्वळ दिसण्यासाठी हे करणे मला पटत नाही.

मग टायर. मूळ २६५/६५ आर १७ चा व्यास सुमारे ७७६ मिलिमीटर. तोच २६५/७० घेतला तर ८०३, म्हणजे साडेतीन टक्क्यांनी मोठा. ज्याला सगळे ‘तेहतीस’ म्हणतात तो २८५/७० आर १७ भरतो ८३१ मिलिमीटर, सात टक्के जास्त. गाडीची उंची व्यासातल्या वाढीच्या निम्म्याने, २७ मिलिमीटरच वाढते. पण मूळ टायरवर ज्या काट्याला वेग ताशी १०० होता, त्याच काट्याला आता तो १०७ असतो. चढावर प्रत्येक गिअर लांब पडतो. तेवढेच पेडल दाबले तर जमिनीपाशी ब्रेकचा जोर सात टक्के कमी पोचतो. आणि टायर मुळातच जड असतो, ते वेगळेच.

घासते कुठे, तेही ऑफसेटच ठरवतो. चाक आत राहिले तर पूर्ण वळणावर टायर आतल्या भागांना लागतो. बाहेर काढले तर वळताना त्याची कड मोठा वळसा घेते आणि कमानीच्या मागच्या कोपऱ्यात, चिखलपट्टीपाशी घासते. दुकानासमोरच्या सपाट फरशीवर हे कधीच दिसत नाही. एक पुढचे चाक उंचवट्यावर चढवून, स्टिअरिंग दोन्हीकडे टोकापर्यंत फिरवून पाहावे लागते. मागच्या चाकांची परीक्षा हौद्यात वजन भरून, पाटे दबल्यावरच होते.

बोल्टही फसवतात. हायलक्स आणि व्ही-क्रॉस दोन्हींना सहा बोल्ट, १३९.७ मिलिमीटरच्या वर्तुळावर. तरी व्ही-क्रॉसचे मूळ चाक हायलक्सवर चढत नाही. हायलक्सच्या मधल्या भोकाचा व्यास १०६.१, व्ही-क्रॉसचा १०० च्या आसपास. नटांची बाब याहून गंभीर. टोयोटाच्या मूळ अलॉयचे नट सपाट वॉशरचे असतात, बाहेरच्या बहुतेक चाकांना निमुळते लागतात. जुनेच नट नव्या चाकावर आवळले तर चाक नीट बसत नाही आणि नट ढिले होऊ शकतात.

पिकअप ओझ्याची गाडी आहे, म्हणून टायरवरचा भारांकही वाचावा. ११२ म्हणजे एका टायरवर ११२० किलो, ११० म्हणजे १०६०. मूळ आकड्याच्या खाली जाऊ नये. स्टेपनीही त्याच मापाची हवी, कारण फोर-व्हील-ड्राइव्ह लावलेली असताना एक चाक लहान राहिले तर सगळा ताण गिअरांवर येतो.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच बजावले. त्यामुळे अपघातानंतर विमा कंपनी चाकांकडे बोट दाखवू शकते.

मला विचाराल तर रोजच्या वापराच्या आणि अधूनमधून सह्याद्रीत उतरणाऱ्या हायलक्सला २६५/७० आर १७ आणि +२० ते +३० ऑफसेटचे चाक याच्या पलीकडे जायची गरज नाही. तेही घेण्यापूर्वी कंपनीच्या पुस्तिकेतली मापे आणि आरटीओचे म्हणणे तपासा. आणि नवी चाके चढवल्यावर शंभरएक किलोमीटरच्या आत सगळे नट टॉर्क रेंचने पुन्हा आवळून घ्या.