लायपोसक्शन करून घेण्यापूर्वी...

लग्नसराई जवळ आली की आरशासमोरचा वेळ वाढतो. बाळंतपणानंतर सुटलेले पोट, ब्लाउजच्या बाहीत न मावणारे दंड मनाला खुपू लागतात. नेमकी तेव्हाच एखादी जाहिरात नजरेस पडते, 'एका दिवसात चरबी गायब!' पूर्वी अशा शस्त्रक्रियेसाठी मोठ्या महानगरात जावे लागे. आता ती रायपूरमध्येही होते, त्यामुळे ब्राह्मणपाऱ्यातल्या गृहिणीला दूरचा प्रवास करावा लागत नाही. सोय झाली हे चांगलेच. पण घराजवळ मिळते म्हणून शस्त्रक्रिया ही ब्यूटी पार्लरमधली सेवा ठरत नाही.

मे 2022 मध्ये बंगळूरुमध्ये चेतना राज ही 21 वर्षांची कन्नड अभिनेत्री चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेसाठी खासगी रुग्णालयात दाखल झाली आणि त्याच दिवशी दगावली. अशा घटना रोज घडत नाहीत. पण त्या घडू शकतात, हे ठाऊक असल्याशिवाय निर्णय घेऊ नये.

वजन कमी करण्याचा उपाय नव्हे

या शस्त्रक्रियेत सलाइन, बधिर करणारे औषध आणि रक्तस्राव कमी करणारे औषध यांचे मिश्रण त्वचेखाली सोडतात. मग लहान छिद्रातून बोथट टोकाची नळी आत घालून चरबी ओढून घेतात. फ्रान्सचे डॉ. इलूझ यांनी 1970 च्या दशकाच्या अखेरीस ही पद्धत रूढ केली.

निघते ती फक्त त्वचेखालची चरबी. मधुमेह आणि हृदयविकाराशी जास्त संबंध असलेली, आतड्यांभोवतीची चरबी तशीच राहते. 2004 साली अमेरिकेत 15 लठ्ठ स्त्रियांवर अभ्यास झाला. प्रत्येकीची सरासरी 9 ते 10 किलो चरबी काढली, पण 10 ते 12 आठवड्यांनंतरही त्यांचा रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि इन्शुलिनला शरीराचा प्रतिसाद सुधारला नव्हता. म्हणून आहार आणि व्यायाम यांना हा पर्याय नाही. वजन साधारण आटोक्यात आहे, पण एखाद्या ठिकाणची चरबी हटत नाही, अशांनाच याचा खरा उपयोग होतो. सैल पडलेली त्वचा याने घट्ट होत नाही, उलट अधिक लोंबू शकते.

धोके कोणते?

सूज, निळे-काळे डाग, बधिरपणा, त्वचेवर उंचसखलपणा हे त्रास बऱ्याच जणींना होतात. गंभीर धोके वेगळे : जंतुसंसर्ग, औषधाची मात्रा जास्त होणे, नळीने आतड्याला इजा होणे, पायात रक्ताची गाठ होऊन ती फुप्फुसात जाणे किंवा चरबीचे कण रक्तात शिरणे. अमेरिकेतील प्लास्टिक सर्जनांच्या 1994 ते 1998 या काळातील शस्त्रक्रियांच्या पाहणीत सुमारे 5 हजारांत एक मृत्यू आढळला. एका वेळी 5 लिटरहून अधिक काढायचे असेल, तर धोका वाढतो आणि रुग्णालयात रात्रभर देखरेख आवश्यक असते.

डॉक्टरांना काय सांगाल?

मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, हर्निया, पूर्वीच्या शस्त्रक्रिया, कुटुंबात कुणाला रक्ताची गाठ झाली असल्यास तेही सांगा. अ‍ॅस्पिरिन, गर्भनिरोधक गोळ्या, आयुर्वेदिक काढे, काहीही लपवू नका. कोणती औषधे केव्हा थांबवायची, हे डॉक्टरच ठरवतील. तंबाखू, गुडाखू आणि सिगारेट काही आठवडे आधीपासून बंद हवी. गरोदरपणात ही शस्त्रक्रिया नकोच.

डॉक्टरांना काय विचाराल?

संकोच न करता विचारा : आपण प्लास्टिक सर्जरीत एम. सीएच. किंवा डी.एन.बी. आहात का? आपली नोंदणी छत्तीसगड मेडिकल कौन्सिलकडे आहे का? भूल देणारे तज्ज्ञ शेवटपर्यंत थांबतील का? अतिदक्षता विभाग इथेच आहे, की रुग्णाला दुसरीकडे हलवावे लागेल? या प्रश्नांनी जो चिडेल, त्याच्याकडे जाऊच नये. शंका राहिली तर दुसरे मत घ्या. रायपूरमध्ये एम्स आणि डी.के.एस. या सरकारी रुग्णालयांत प्लास्टिक सर्जरी विभाग आहेत.

संमतिपत्र वाचल्याशिवाय सही करू नका. शस्त्रक्रियेचे स्वरूप, धोके आणि पर्याय रुग्णाला समजावून सांगणे हे डॉक्टरांचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये समीरा कोहली खटल्यात स्पष्ट केले. पोटासाठी दिलेल्या संमतीवर मांड्यांची शस्त्रक्रिया करता येत नाही. आरोग्य विमा केवळ सौंदर्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेचा खर्च सहसा देत नाही, हेही लक्षात ठेवा.

घरी आल्यावर

काही आठवडे घट्ट पट्टा घालावा लागतो. सूज पूर्ण उतरून खरा आकार दिसायला 3 ते 6 महिने लागतात. म्हणून पुढच्या महिन्यातल्या लग्नासाठी ही घाई व्यर्थ आहे. दम लागणे, छातीत दुखणे, एका पायाला सूज, ताप किंवा वाढती वेदना जाणवली, तर सकाळची वाट पाहू नका. लगेच रुग्णालय गाठा.

काढलेल्या पेशी परत येत नाहीत, पण उरलेल्या पेशी खाण्यापिण्यात ढिलाई झाली की फुगतात. तेव्हा निर्णय घरच्यांशी बोलून, पण स्वतःसाठी घ्या. कुणाच्या टोमण्यापायी शस्त्रक्रियेच्या टेबलावर झोपू नका.