गेमिंग संगणक बंद पडतो? रॅम घेण्यापूर्वी खात्री करा

गेम ऐन रंगात आला असताना स्क्रीन निळी पडावी, किंवा काहीही न सांगता संगणक आपोआप पुन्हा सुरू व्हावा, हा अनुभव गेमिंग पार्लर चालविणाऱ्यांना नवा नाही. कारागिराला बोलाविले की तो बहुधा एकच निदान करतो, ‘रॅम गेली, बदलून टाका.’ मेमरी स्वस्त होती तोपर्यंत असा सल्ला चुकला तरी फारसे बिघडत नसे. परंतु २०२५ च्या उत्तरार्धात मेमरीचे भाव झपाट्याने चढले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांकडून प्रचंड मागणी आल्यामुळे सॅमसंग, एस. के. हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन मोठ्या उत्पादकांचा माल तिकडे वळला. डिसेंबर २०२५ मध्ये तर मायक्रॉनने किरकोळ ग्राहकांसाठीचा आपला ‘क्रुशल’ हा ब्रँड गुंडाळण्याचेच जाहीर केले. अशा बाजारात अंदाजाने रॅम घेणे छोट्या धंद्याला परवडणारे नाही.

आमच्या परिचयातील एका पार्लरचालकाची हकीकत बोलकी आहे. त्याच्या एका मशीनमध्ये एएमडीचा रायझेन ५ ३६०० हा प्रोसेसर आणि ८ जीबीच्या दोन स्टिक होत्या. नवे गेम अडखळू लागले म्हणून त्याने दुसऱ्या कंपनीच्या तेवढ्याच दोन स्टिक आणून उरलेल्या दोन स्लॉटमध्ये बसविल्या. चौघींवरही ३२०० हाच आकडा होता. आठवड्याभरात मशीन बंद पडू लागले. कारागिराने दोनदा विंडोज नव्याने टाकले, नंतर एसएमपीएस बदलावयास लावला आणि शेवटी चारही स्टिक नव्या घ्या म्हणाला. प्रत्यक्षात चारपैकी एकही स्टिक खराब नव्हती. या पिढीच्या रायझेनसाठी एएमडीने ३२०० चा वेग दोन स्टिकपुरता सांगितला आहे. चार लावल्या की तो २९३३ आणि मोठ्या, दुहेरी रँकच्या स्टिक असल्यास २६६७ वर येतो. बायोसमध्ये वेग उतरविला आणि मशीन सुरळीत चालू लागले. खर्च शून्य! तोपर्यंत एसएमपीएसचे आणि दोन फॉरमॅटचे पैसे मात्र गेले होते.

निदान कसे करावे?

सर्वप्रथम महत्त्वाच्या फायलींची प्रत दुसरीकडे काढून ठेवावी. सदोष मेमरी नुसते मशीन बंद पाडत नाही, तर डिस्कवर लिहिला जाणारा मजकूरही बिघडविते. त्यामुळे मेमरी तपासल्याशिवाय विंडोज पुन्हा टाकणे व्यर्थ असते. खराब रॅममधून उतरलेले नवे विंडोजही नासकेच निघते.

नंतर बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी (एएमडीच्या नव्या बोर्डांवर एक्स्पो) बंद करावे. खोक्यावरील मोठा आकडा हा मेमरीचा मूळ वेग नसून पुष्कळदा वाढविलेला वेग असतो, हे अनेक दुकानदारही सांगत नाहीत. डीडीआर४ चे प्रमाण व्होल्टेज १.२ आहे, ३६०० च्या स्टिकना बहुधा १.३५ द्यावे लागते. एक्सएमपी बंद केल्यावर तक्रार थांबली, तर स्टिक फेकण्याची घाई नको. वेग एक पायरी खाली ठेवून काम भागते आणि गेममध्ये पडणारा फरक खेळणाऱ्याच्या सहसा लक्षातही येत नाही.

तरीही तक्रार राहिली, तर मेमटेस्ट८६+ हा मोफत प्रोग्राम पेन ड्राइव्हवर घेऊन एका वेळी एकच स्टिक तपासावी. एका फेरीला तासभर किंवा अधिकही लागू शकतो, म्हणून रात्री लावून ठेवणे सोयीचे. येथे एकही चूक क्षम्य नाही. लाल ओळ दिसली की तीच स्टिक दुसऱ्या स्लॉटमध्ये घालून पाहावी. चूक स्टिकबरोबर गेली तर स्टिक सदोष. चूक जुन्याच स्लॉटला चिकटून राहिली तर बोर्ड किंवा प्रोसेसर पाहावा लागेल. सोनेरी टोके खोडरबराने घासण्याचा आपल्याकडील जुना उपाय कधी कधी खरोखर लागू पडतो. रबराचा चुरा मात्र स्लॉटमध्ये पडू देऊ नये.

मेमरीवर आळ येतो आणि दोषी भलताच निघतो, याचे मोठे उदाहरण २०२४ मध्ये घडले. इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीच्या बड्या प्रोसेसरांवर गेम बंद पडून ‘व्हिडिओ मेमरी अपुरी’ असा संदेश येई. लोकांचा संशय ग्राफिक्स कार्डावर आणि रॅमवर गेला. मूळ दोष प्रोसेसरला मिळणाऱ्या जादा व्होल्टेजचा होता. इंटेलने तो मान्य केला, बायोसमार्फत सुधारणा दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढविली. ज्यांच्याकडे असे मशीन आहे त्यांनी रॅमचा विचार करण्यापूर्वी बायोस अद्ययावत करावे.

खरेदी करताना

स्टिक खराब असल्याचे सिद्ध झाले की प्रथम वॉरंटी पाहावी. नामांकित कंपन्या अनेक वर्षांची, काही तर आजीवन वॉरंटी देतात, आणि पुष्कळांना ती आठवतही नाही. जोडी म्हणून घेतलेल्या स्टिकपैकी एकच गेली असली, तरी दोन्ही परत मागितल्या जातात, याची तयारी ठेवावी.

नवी घ्यावयाची तर एकाच पाकिटातील जोडी घ्यावी. एका मॉडेलच्या नावाखाली कंपन्या आतील चिप वेळोवेळी बदलतात. म्हणून आज एक आणि सहा महिन्यांनी तशीच दुसरी, हा हिशेब जुळेलच असे नाही. बोर्ड डीडीआर४ चा की डीडीआर५ चा, हे आधी पाहावे. पिना दोन्हींना २८८ च, पण खाच वेगळ्या जागी असते आणि एक दुसऱ्याच्या स्लॉटमध्ये बसत नाही. बोर्डाच्या कंपनीच्या संकेतस्थळावर चालणाऱ्या मेमरीची यादी असते, तिच्याशी मॉडेल क्रमांक ताडून घ्यावा.

आकड्यांचे म्हणाल, तर ३२०० सीएल१६, ३६०० सीएल१८ आणि ६००० सीएल३० या तिन्हींचा पहिला प्रतिसाद सारखाच, १० नॅनोसेकंदांचा असतो. त्याहून वरच्या आकड्याला जादा पैसे मोजण्यापूर्वी प्रोसेसर किती पेलतो ते पाहावे. रायझेन ७००० साठी एएमडीचा अधिकृत आकडा दोन स्टिकना ५२०० आहे. चार लावल्यास तो ३६०० वर कोसळतो. तेव्हा ३२ जीबी हवे असेल तर ८ च्या चार नकोत, १६ च्या दोनच घ्याव्यात. चार स्लॉटच्या बोर्डावर त्या बहुधा प्रोसेसरपासून दुसऱ्या व चौथ्या स्लॉटमध्ये बसतात.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर खरेदी करा किंवा गावातील दुकानात, पक्के बिल आणि त्यावर स्टिकचा सिरीयल क्रमांक लिहून घ्यावा. भाव चढे असताना जुन्या स्टिक नव्या स्टिकर लावून विकण्याचा मोह वाढतो. बसविल्यावर सीपीयू-झेड या मोफत प्रोग्रामात उत्पादकाचे नाव, आकार आणि वेग ताडून पाहावा आणि परत करण्याची मुदत संपण्याच्या आत मेमटेस्ट एक रात्र चालवावी. डीडीआर५ असेल तर पहिल्यांदा चालू करताना स्क्रीन काही मिनिटे काळीच राहू शकते. बोर्ड त्या वेळी मेमरीशी जुळवून घेत असतो. घाबरून वीज बंद करू नये.