दक्षिण आकाशाची मोजणी

ताऱ्याची निजगती, म्हणजे आकाशात त्याचे बाजूला सरकणे, एका वेधात कळत नाही. तीच जागा काही वर्षांनी पुन्हा मोजावी लागते. चिलीतल्या सेरो पाचोनवरील रुबिन वेधशाळेची पहिली छायाचित्रे २३ जून २०२५ रोजी आली आणि चर्चा झाली ती ३२०० मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची. वेधशाळेचे खरे मोल मात्र तेच आकाश दहा वर्षे पुन्हापुन्हा टिपण्यात आहे.

असे काम नवे नाही. फोटोवरून दक्षिण आकाशाची पहिली मोठी मोजणी केप टाउनहून झाली. १८८२ च्या महाधूमकेतूच्या फोटोंत मागचे असंख्य तारेही उमटलेले पाहून तिथले खगोलशास्त्रज्ञ डेव्हिड गिल यांनी दक्षिण आकाशाचे फोटो काढण्याचा घाट घातला. फोटो उमटलेल्या काचा मोजायचे काम ग्रोनिंगेनच्या याकोबुस काप्टाइन यांनी अंगावर घेतले. त्यांच्याकडे वेधशाळाच नव्हती! फोटो काढणाऱ्या दुर्बिणीच्या नाभीय अंतराइतक्या अंतरावर काच उभी करून ते कोनमापक यंत्रातून ती न्याहाळत. त्यामुळे ताऱ्याचे स्थान थेट वाचता येई आणि किचकट आकडेमोड टळे. अशी ४,५४,८७५ ताऱ्यांची सूची १८९६ ते १९०० दरम्यान छापली गेली. संगणकाविना झालेले हे काम आजच्या कोणत्याही कॅमेऱ्याइतकेच थोर आहे.

त्या सूचीत ताऱ्याची तेजस्विता ठरे ती काचेवरच्या ठिपक्याच्या आकारावरून. त्या काचा निळा प्रकाश चांगला टिपत, तांबडे तारे मात्र असतात त्याहून मंद उमटत. रुबिन सहा फिल्टरांतून प्रकाश मोजते, त्यामुळे हा दोष उरत नाही. जानेवारी २०२५ मध्ये वेध थांबवलेल्या, ताऱ्यांची स्थाने मोजणाऱ्या गाया यानाची मजल साधारण २१ व्या प्रतीपर्यंत होती (प्रतीचा आकडा जितका मोठा, तितका तारा मंद). रुबिनचा एकेक फोटो २४ व्या प्रतीपर्यंत पोचतो, म्हणजे सुमारे १६ पट मंद ताऱ्यांपर्यंत. तरीही स्थाने जुळवायला गायाचीच सूची लागते.

जुन्या नोंदी का जपायच्या, याचे उत्तर काप्टाइनच्या ताऱ्यात आहे. अर्जेंटिनातल्या कोर्दोबा वेधशाळेने नोंदलेला एक तारा केपच्या काचांवर आपल्या जागी सापडेना. तो सरकला होता, हे १८९७ मध्ये कळले. वर्षाला ८.७ विकला, म्हणजे पूर्णचंद्राची रुंदी ओलांडायला सुमारे २०७ वर्षे. तेव्हा ज्ञात असलेल्या ताऱ्यांत ही सर्वाधिक निजगती होती.

हा तारा महाराष्ट्रातूनही दिसतो. जानेवारीत रात्री नऊच्या सुमारास दक्षिणेला, अगस्त्याच्या उजवीकडे थोडा वर तो असतो. प्रत जवळपास नववी, त्यामुळे अंधारे आकाश, छोटी दुर्बीण आणि चांगला नकाशा सोबत हवा.