थंडी पडली की टॉनिक खपतं

डिसेंबरात कडाक्याची थंडी पडली की आमच्या कृषी सेवा केंद्रात सकाळी सकाळी कुणीतरी रुमालात काजूची पानं बांधून आणतंच. कडा तांबूस, टोकं वाळलेली. "मालक, कलमं करपाय लागलीत. काय तर जालीम द्या." माणूस नेसरीकडचा असो नाहीतर हलकर्णीकडचा, वाक्य हेच. पावसाळ्यात लावलेलं वेंगुर्ला-4 नाहीतर वेंगुर्ला-7, जेमतेम गुडघाभर, आणि त्याचा हा पहिलाच हिवाळा.

मागच्या गोदामात तेव्हा सीवीडच्या, म्हणजे समुद्री शेवाळाच्या, टॉनिकच्या बाटल्यांचे खोके पडून असतात. ते आम्ही मागवलेले नसतात, युरियाच्या गाडीबरोबर आलेले असतात. धंद्यात याला 'लिंकिंग' म्हणतात. युरिया पाहिजे? मग हेही उचला. हे बेकायदा आहे हे सगळ्यांना ठाऊक, पण उसाचं युरियावाचून भागत नाही आणि दारात आलेली गाडी परत पाठवायची हिंमत कुणाची? मग ते खोके खपवायचे कुणाला? रुमालात पानं घेऊन आलेल्याला.

एका कंपनीचा प्रतिनिधी तर हुशारच निघाला. नाव कशाला सांगू! काजूच्या दोन कुंड्या दुकानासमोर मांडल्या. एकीवर टॉनिक मारलं, दुसरी कोरी. टॉनिकवाली कुंडी मात्र दुकानातलं पोरगं रोज रात्री शटरच्या आत घ्यायचं. "चोरीला जाईल रे," असं साहेबांनीच बजावलेलं. कोरी बाहेर दहिवरात. आठवड्यानं फोटो निघाला, आतली टवटवीत, बाहेरची मरगळलेली. फोटो व्हॉट्सअॅपवर गावोगाव फिरला आणि खोके संपले. शटरचं नाव कुणी काढलं नाही.

बाटलीत काहीच नसतं, असंही नाही. पण आधी थंडी झाडाला काय करते ते बघू. इराणचा पिस्ता आणि कॅलिफोर्नियाचा बदाम यांना खरोखरीची गोठवणारी थंडी गाठते. पेशींच्या मधल्या जागेत बर्फ होतो, तो पेशीतलं पाणी ओढून घेतो आणि कोवळा भाग काळा पडतो. आपल्याकडे बर्फ होत नाही. पण काजू मूळचा ब्राझीलचा, 16व्या शतकात पोर्तुगीजांनी आणलेला, उबेला सोकावलेला. पारा बरेच दिवस खाली राहिला की त्याचं मूळ पाणी उचलायला कुचराई करतं. सकाळी ऊन चढलं की पान मात्र पाणी सोडतच राहतं. करपायला सुरुवात होते ती कडांपासून. सीवीड, अमिनो आम्लं यांच्यामुळं झाडात साखर, प्रोलीन अशी द्रव्यं साठायला मदत होते आणि ताण सोसायची ताकद वाढू शकते. अट एकच, फवारा थंडीच्या आधी हवा, पान धडधाकट असताना. करपलेलं पान कुठल्याही बाटलीनं हिरवं होत नाही. हे काउंटरवर सांगितलं जात नाही, कारण गिऱ्हाईक येतं तेच पान करपल्यावर.

एक आण्णा मात्र बाटलीकडं ढुंकून न बघता म्हणाले, "रिकामी पोती हैत काय युरियाची?" पुढं त्यांच्या माळावर जाऊन बघितलं. प्रत्येक कलमाभोवती तीन काठ्या, वरून उलटं पोतं, पण आत पानाला कुठं टेकलेलं नाही. दिवस मावळताना पोती चढायची, ऊन आलं की उतरायची, नाहीतर आत उकडून कलम जातं. आळ्यात पाणी, ओल टिकावी म्हणून उसाचं पाचट, तेही वाळवीच्या भीतीनं बुंध्यापासून वीतभर लांब. कलमाच्या जोडाखाली फुटलेला खुंटाचा फुटवा दिसला की आण्णा बोलता बोलता नखानं खुडून टाकत होते. कलमं हिरवी होती. दुकानाला त्यांच्याकडून मिळाली ती फक्त पोत्यांची किंमत.

ही टॉनिकं वर्षानुवर्षं कायद्याच्या फटीत विकली गेली, ना खत ना कीडनाशक. फेब्रुवारी 2021 मध्ये केंद्रानं त्यांना 'जैव-उत्तेजक' म्हणून खत नियंत्रण आदेशात घेतलं. जुलै 2025 मध्ये केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनीच सांगितलं की पूर्वी सुमारे 30,000 उत्पादनं बिनदिक्कत विकली जात होती आणि आता जेमतेम साडेसहाशे उरली आहेत. आमच्या फळीवरून त्या वर्षी काय काय उतरलं, ते न विचारलेलं बरं.

तेव्हा यंदा काजू लावला असेल तर दिवाळीनंतर लगेच या, रुमालात पानं बांधायची वेळ येण्याआधी. बाटलीवर कुठल्या पिकासाठी आणि किती मात्रा लिहिली आहे ते वाचा, पक्कं बिल मागा. आणि युरियाबरोबर कुणी बाटली गळ्यात मारली तर पंचायत समितीत कृषी अधिकाऱ्याकडं लेखी तक्रार करा. दुकानदार आम्ही असलो तरी करा.