उचल : पेरणीत घेतलेली, पोरांनी फेडलेली

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरते त्या दिवशी हजेरी घेताना मला दरवर्षी तोच अनुभव येतो. मी नाव पुकारते, उत्तर येत नाही आणि मागच्या बाकावरून कुणीतरी सांगते, "मॅडम, ते कारखान्याला गेले." एक नाव, दुसरे नाव, मग चारपाच नावे सलग. मी शिकवते ते गाव बीड जिल्ह्यातल्या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात आहे. इथे 'कारखाना' म्हणजे साखर कारखाना, आणि 'गेले' म्हणजे थेट उन्हाळ्यातच परतणार.

यंदा गेलेल्यांत सहावीतली एक मुलगी आहे. अपूर्णांकांची गणिते ती माझ्याआधी सोडवायची. सुट्टी लागण्यापूर्वी तिची अम्मी शाळेत आली होती.

"बाजी, हिला घेऊन जाते. धाकटा दीड वर्षाचा आहे, त्याला कोपीवर कोण सांभाळणार?"

"दादीजवळ ठेवा ना हिला," मी म्हटले.

"दादीला नीट दिसत नाही. आणि पोरगी आता मोठी झाली. मागे कुणाच्या भरवशावर ठेवू?"

मी विचारले, "उचल किती घेतली?"

"एक लाख. पेरणीच्या वक्ताला घेतली. थोडी बियाण्याला, खताला गेली, बाकीची नणंदेच्या लग्नाला."

त्या 'पेरणीच्या वक्ताला' या शब्दांनी मला विचारात टाकले. आम्ही शिक्षक नोव्हेंबरमध्ये धावपळ करतो. घरोघर जातो, पालकांना समजावतो, मुलांना मागे ठेवा म्हणतो. पण त्या मुलीची शाळा नोव्हेंबरमध्ये सुटली नव्हती. ती जूनमध्येच सुटली होती, तिच्या अब्बूने मुकादमाकडून पैसे घेतले त्या दिवशी.

मजूर नव्हे, आधी शेतकरी

ऊसतोड कामगार म्हटले की शहरातल्या माणसाला वाटते, हे भूमिहीन लोक असतील. काही असतातही. पण माझ्या गावातून कोयता घेऊन जाणाऱ्या बहुतेक घरांत एक, दोन, फार तर तीन एकर जमीन आहे, सातबाराही आहे. फक्त ती जमीन कोरडवाहू आहे. बीड जिल्ह्यात अकरा तालुके आहेत. गेवराई आणि माजलगावकडे कालव्याचे पाणी पोहोचते, तिथे ऊस उभा राहतो. पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, धारूर, वडवणीच्या माळरानावर मात्र पावसाशिवाय दुसरा आधार नाही. तिथे खरिपात सोयाबीन, कापूस, तूर, बाजरी घ्यायची आणि रब्बीला विहिरीत पाणी उरले तर ज्वारी.

या शेतीचा हिशेब काय होतो ते पाहा. 2024-25 साली सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता. बाजारात मात्र शेतकऱ्याला चार हजारांच्या आसपासच भाव मिळत होता. 2025-26 साठी हमीभाव 5,328 झाला, पण सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात असा पाऊस पडला की सिंदफणा आणि गोदावरीकाठची शिवारे पाण्याखाली गेली. जिथे पीक वाचले तिथे शेंगांना कोंब फुटले, आणि काही ठिकाणी तर मातीच खरडून गेली. ज्या जिल्ह्याला आपण दुष्काळी म्हणतो तिथे शेतकरी आता पाणी नाही म्हणूनही बुडतो आणि पाणी जास्त झाले म्हणूनही बुडतो.

पीकविम्याचीही आपल्या जिल्ह्यात वेगळीच कहाणी आहे. 2020 च्या खरिपात बीडचा विमा घ्यायला कंपनी पुढे येईना. त्यातून जो तोडगा निघाला त्याला 'बीड पॅटर्न' म्हणतात : कंपनीवरचा भार ठरावीक मर्यादेपर्यंत, त्यापुढचा सरकारवर, आणि भरपाई कमी द्यावी लागली तर जादा रक्कम सरकारला परत. 2023 पासून एका रुपयात विमा मिळू लागला, तोही 2025 च्या खरिपापासून बंद झाला. आता खरिपाच्या अन्नधान्य आणि तेलबिया पिकांना विमा रकमेच्या 2 टक्के हप्ता भरावा लागतो आणि भरपाई पीक कापणी प्रयोगावरून ठरते.

ही सगळी अनिश्चितता समोर असताना जूनमध्ये बियाणे आणि खत घ्यायला रोख पैसे लागतात. जुने कर्ज थकले असेल तर बँक दारात उभे करत नाही. सावकार व्याज मागतो. मुकादम मात्र घरी येतो, ओट्यावर बसतो आणि नोटा मोजून देतो.

बिनव्याजी पैशाचे व्याज

आपल्या घरांमध्ये व्याजाचा पैसा टाळण्याकडे कल असतो, आणि तो योग्यच आहे. त्यामुळे उचल अनेकांना बरी वाटते. घेताना तिच्यावर व्याज सांगत नाहीत. "आपल्या मेहनतीचेच पैसे आधी घेतले," असे लोक म्हणतात. पण हिशेब मांडला की चित्र वेगळे दिसते. मी तो एकदा सातवीच्या वर्गात फळ्यावर मांडला होता, कारण अर्ध्या वर्गाच्या घरचेच ते गणित होते.

नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. 2024 च्या जानेवारीत तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ झाली, त्यानंतर टनाला सुमारे 366 रुपये मिळतात. एका कोयत्याने दिवसाला दोन टन ऊस तोडला, मोळ्या बांधल्या, डोक्यावर वाहून गाडी भरली, तर दिवसाचे 732 रुपये होतात. हंगाम पाच महिने, म्हणजे दीडशे दिवस चालला आणि एकही दिवस खाडा झाला नाही, तर 1,09,800 रुपये. एक लाख उचल वजा करा. दोन माणसांच्या पाच महिन्यांच्या मेहनतीचे हातात राहतात 9,800. त्यातच तिथला किराणा आणि दवाखाना. वाढे विकून चार पैसे येतात, तेवढाच हातखर्च.

आता यात आजारपण घाला, पाऊस पडून फडात गाडी न शिरलेले दिवस घाला. खाडा झाला की मजुरी जाते आणि अनेक टोळ्यांमध्ये वर दंडही कापतात. मग उचल फिटत नाही, बाकी राहते. बाकी राहिली की पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे जावे लागते. राहिलेल्या बाकीवर व्याज लावल्याचेही मी पालकांकडून ऐकले आहे. म्हणजे ज्याला आपण बिनव्याजी समजलो त्याचे व्याज होतेच. ते पैशात दाखवले नव्हते एवढेच. ते माणसाच्या मोकळेपणातून वसूल होते. हा मजूर हंगामाच्या मध्यात काम सोडू शकत नाही, भाव मागू शकत नाही. रमजान यंदा हंगामातच आला आहे. रोजा असो नसो, रात्री दोनला ट्रॅक्टर आला तर उठून भरावा लागतो. ईदला घरी यायचे तर मुकादमाची परवानगी हवी.

मुकादमालाच खलनायक ठरवून हा प्रश्न सुटणार नाही. तो बहुधा त्याच गावचा, कधीकाळी स्वतः कोयता चालवलेला माणूस असतो. कारखान्याच्या बाजूने त्याच्यावरही उचलीची जबाबदारी असते आणि पैसे घेऊन टोळीच पळाली तर तोच बुडतो. दोष त्या रचनेचा आहे, जिच्यात शेतीचे भांडवल उभे करायचे तर पुढच्या सहा महिन्यांचे आपले अंग गहाण टाकावे लागते.

आईच्या शरीराने भरलेला हप्ता

यातला सर्वांत जड हप्ता बायकांनी भरला आहे. हा विषय घरगुती मासिकात लिहावा की नाही, याचा मी विचार केला. पण ज्या घरात हे घडते त्या घरात बोलायचे नाही तर कुठे बोलायचे?

2019 मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला. तीन वर्षांत खाजगी रुग्णालयांत अशा 4,605 शस्त्रक्रिया झाल्याचे सरकारने सांगितले. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्या वेळच्या पाहणीत 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींचे गर्भाशय काढल्याचे आढळले. म्हणजे साधारण सहा जणींमागे एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात 15 ते 49 वयाच्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण जेमतेम 3 टक्के आहे.

कारण समजायला डॉक्टर असण्याची गरज नाही. कोपीला न्हाणीघर नाही, शौचालय नाही, पाणी लांबून आणायचे. पाळीच्या दिवसांतही मोळी उचलायचीच, नाहीतर खाडा. जंतुसंसर्ग होतो, अंगावर काढला जातो, आणि हंगाम संपल्यावर कुणीतरी सांगते, पिशवी काढून टाका, कटकट मिटेल. दोन मुले झालेली तीस वर्षांची बाई हो म्हणते. नंतर पाठदुखी, अशक्तपणा, अंगाची आग सुरू होते, आणि त्या शस्त्रक्रियेचा खर्चही पुढच्या उचलीत जमा होतो.

या गदारोळानंतर जिल्ह्यात खाजगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक झाली. हंगामाला जाण्यापूर्वी आणि परतल्यावर आरोग्य तपासणी सुरू झाली. हे चांगले झाले. पण फडावर पाणी आणि आडोसा मिळाला नाही तर आजार येतच राहणार.

मुलांचे काय

सोबत नेलेले मूल फडावर बिनकामाचे राहत नाही. सहावीतली मुलगी धाकट्याला सांभाळते, पाणी आणते, भाकरी थापते. मागे ठेवलेले मूल शाळेत राहते, पण वयात येणारी मुलगी मागे ठेवायची भीती वाटते. त्या भीतीतून लग्न उरकले जाते. 2019-21 च्या त्याच सर्वेक्षणात बीड जिल्ह्यातल्या 20 ते 24 वयाच्या दर दहा स्त्रियांपैकी चाराहून जास्त जणींचे लग्न अठराच्या आत झालेले होते. नवे जोडपे म्हणजे नवा कोयता, आणि नव्या कोयत्याला नवी उचल. उचल आणि बालविवाह यांची गाठ अशी घट्ट आहे.

सोयी अगदीच नाहीत असे नाही. गावातच मुलांच्या जेवणाची आणि राहण्याची व्यवस्था करणारी हंगामी वसतिगृहे आहेत. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आहे. 2021 मध्ये 41 तालुक्यांत मुलामुलींची मिळून 82 वसतिगृहे तिच्यात ठरली. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कामगारांचे कल्याण महामंडळ आहे. पण योजना कागदावरून घरापर्यंत यायला कुणीतरी मधे उभे राहावे लागते.

आपण काय करू शकतो

सोबत जाणाऱ्या मुलांसाठी शाळेतून शिक्षण हमी कार्ड मिळते. ते दाखवले की कारखान्याजवळच्या शाळेने मुलाला बसवून घ्यायचे असते, दाखल्याची अट नाही. ते मागून घ्या. ग्रामसेवकाकडे ऊसतोड कामगार म्हणून नोंद करून ओळखपत्र घ्या. रेशन आता दुसऱ्या जिल्ह्यातही उचलता येते, कार्ड सोबत ठेवा. उचल घेताना रक्कम, दर आणि बाकी वहीत लिहून घ्या आणि त्यावर मुकादमाची सही घ्या. घरात शिकलेले एखादे मूल असेल तर त्याला ते काम द्या.

आणि जे कोयता घेऊन जात नाहीत, बीड, परळी, अंबाजोगाईत दुकान किंवा नोकरी करून खातात, त्यांना मला एवढेच सांगायचे आहे. नात्यातल्या एखाद्या मुलीला सहा महिने आपल्या घरी ठेवून घेणे फार मोठे काम नाही. एका ताटाचा खर्च आहे. मोहल्ल्यातल्या पाच-दहा घरांनी मिळून पेरणीच्या वेळी एखाद्या कुटुंबाला वीस-पंचवीस हजार कर्ज-ए-हसना म्हणून दिले, माल विकल्यावर फेडायच्या बोलीवर, तर निदान तेवढी उचल कमी होईल. उचल कमी झाली की कदाचित नवरा एकटाच टोळीत जाईल आणि आई मुलांजवळ राहील. मदत करायची वेळ मात्र जून आहे. नोव्हेंबरमध्ये आपण फक्त गाडीत बसलेल्यांना हात दाखवू शकतो.

त्या मुलीला मी कार्ड करून दिले आहे आणि गणिताचे पुस्तक सोबत दिले आहे. ती ज्या भागात आहे तिथली शाळा फडापासून तीन किलोमीटरवर आहे, असे तिच्या अब्बूने फोनवर सांगितले. ती जाते का, असे मी विचारले. ते थोडे थांबले आणि म्हणाले, "धाकट्याला ताप आहे मॅडम, दोनचार दिवसांनी पाठवतो."

हजेरीपटावर मी तिचे नाव खोडलेले नाही.