गोष्टीतली आजी कोणाची?

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हे नाव भारतातल्या नातेवाइकांना सांगितलं की हमखास विचारणा होते, "मोबाइलवरचा गेम का?" नाही. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, कागद, पेन्सिल आणि वीस बाजूंचा फासा घेतात आणि बोलत बोलत गोष्ट रचतात. प्रत्येकाचा एकेक नायक असतो. उरलेलं सगळं जग उभं करतो तो सूत्रधार. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ मध्ये आला. आर्नेसन आमच्या मिनेसोटाचेच.

इथला हिवाळा लांबलचक. दर शनिवारी माझी मुलगी आणि तिचे चार मित्र आमच्या बेसमेंटमध्ये जमतात. सूत्रधार मी.

सराईवाला, पहारेकरी, नावाडी अशी दुय्यम पात्रं सूत्रधारानेच घडवायची, हा रिवाज. मिनेसोटातच जन्मलेल्या 'आर्स मॅजिका'ने १९८७ मध्ये वेगळी वाट दाखवली. त्यात प्रत्येक खेळाडू आपल्या जादूगारासोबत एक सोबतीही घडवतो. शिपाई-गडी तर सगळ्यांचे सामाईक, आज एकाने खेळवायचे, उद्या दुसऱ्याने. २०१० च्या 'अपॉकॅलिप्स वर्ल्ड'मध्ये सूत्रधाराने खेळाडूंना प्रश्न विचारून त्यांची उत्तरं गोष्टीत वापरायची, असा दंडकच आहे.

मीही प्रश्न विचारतो, तीनच. या माणसाचं नाव काय? त्याला काय हवंय? तुझ्या नायकाशी त्याचं काय बिनसलंय? तिसरा प्रश्न महत्त्वाचा. तो नसला, तर मुलं मागेल ती जादूची तलवार देणारा श्रीमंत काका घडवून मोकळी होतात. पात्राचं एक गुपित मात्र मी माझ्याकडे ठेवतो, म्हणजे घडवणाऱ्यालाही पुढची उत्सुकता राहते.

फरक लगेच दिसतो. माझ्या सराईवाल्याचं नाव मुलं पुढच्या शनिवारी विसरलेली असतात. स्वतः घडवलेल्या माणसासाठी तीच मुलं खजिना सोडून मागे वळतात.

त्यांच्यातल्या एका मुलाची साताऱ्याची आजी गेल्या वर्षी वारली. शेवटची भेट राहूनच गेली. त्याने खेळात एक आजी घडवली. तिला हवं होतं एवढंच, की नातवाने घरी जेवून जावं. बिनसलं होतं ते, नातू न सांगता निघून गेला म्हणून. आणि माझ्या आराखड्यात पुढच्याच आठवड्यात ड्रॅगन ते गाव जाळणार होता.

खेळाडूने घडवलेलं माणूस त्याला विचारल्याशिवाय मारायचं नाही, हा आमच्या टेबलाचा नियम. म्हणून मी त्याला बाजूला घेऊन विचारलं. थोडा वेळ गप्प बसून तो म्हणाला, "काका, गाव जळू दे. पण आजी आदल्या दिवशीच नदीपलीकडे गेली असेल. तिला कळतं सगळं आधी."

तसंच झालं. गाव जळलं. आजी आता नदीपलीकडे राहते, अजून रागावलेली आहे आणि तिने ताट वाढून ठेवलंय. जेवायला कधी जायचं, ते मी ठरवणार नाही.